ताईची अट आणि माझी ध्येयवही

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (साष्टांग फक्त कागदावर. प्रत्यक्षात खाली वाकलो तर वर काढायला कोणीतरी लागतं, आणि ते कोणीतरी सध्या पत्र कधी संपतंय म्हणून घड्याळाकडे बघत बसलं आहे). इकडे सर्व क्षेम. तुझ्या प्रकृतीचं विचारणार होतो, पण विचारलं की तू 'उत्तम' असं लिहितेस आणि शाळेतल्या सवयीने त्याच्याखाली रेघ मारतेस. म्हणून या वेळी तुला न विचारता तुझ्या शेजारणीला फोन केला. ती म्हणाली, गुडघा सुजलेलाच आहे आणि ताई तीन मजले बसून बसून उतरतात. एक पायरी, मग पुढची, अशा. मध्येच कोणी वर येताना दिसलं की पिशवीतून कागद काढून वाचायला लागतात, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की बाई जिन्यात वाचायलाच बसल्या आहेत. ताई, जिच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने अख्खी शाळा पाठ ताठ करून बसायची, ती मुख्याध्यापिका जिन्यात विजेचं बिल वाचत बसते हे ऐकून मला आधी हसू आलं. नंतर जेवण गेलं नाही.

तेव्हा विषय तोच. तू तिथलं बिऱ्हाड आवरून कायमची आमच्याकडे ये. आमचं घर तळमजल्यावर आहे, मागची खोली मोकळी आहे (म्हणजे होऊ शकते, त्याबद्दल पुढे येईलच), आणि तुझी भावजय माझ्यापेक्षा तुझ्याशी जास्त बोलते. यावर तू तुझी ती दोन नेहमीची वाक्यं टाकतेस. एक, मला कोणावर ओझं व्हायचं नाही. दोन, इथे निदान शेजारची मुलं अडलेलं गणित घेऊन येतात, तुमच्याकडे माझी कोणाला काय गरज? मग मी गप्प बसतो, कारण तू गणिताची बाई आणि मी गणितात कच्चा. पण तू जिन्यात पडून गुडघा दुखावून घेतलास तेव्हा मी फोनवर जरा आवाज चढवला, आणि तू तुझा तो परीक्षेच्या हॉलमधला आवाज काढून अट घातलीस. एक काम मनाशी ठरव, लिहून काढ आणि शेवटाला ने. पावसाळा संपेपर्यंत मला लेखी कळव. जमलं तर निमूट येईन, हा माझा शब्द. नाही जमलं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. ज्या घरात दाराची कडी वर्षभर 'लावतो, लावतो' म्हणून लोंबत राहते, तिथे म्हातारपण काढायची मला भीती वाटते, असंही वर म्हणालीस. माझ्या धरसोडीवर तुझा केवढा गाढ विश्वास! अट घालतानाच तू तिथे पुढच्या वर्षाचं भाडं ठरवून टाकलंस, हेही मला शेजारणीकडूनच कळलं.

पाठोपाठ तुझं पार्सल आलं. त्याला वही म्हणायचं नाही, जर्नल म्हणायचं, असं तू चिठ्ठीत बजावलं होतंस. पण तुझी भावजय त्याला पहिल्या दिवसापासून ध्येयवही म्हणते आणि घरात तिचाच शब्द चालतो. जाड पुठ्ठा, खूण ठेवायला रेशमी फीत, आणि उघडताच प्रश्न: पाच वर्षांनी मी स्वतःला कुठे पाहतो? मी लिहिलं, आरशात. तुझ्या भाचीने ते वाचून कपाळाला हात लावला. मग ते खोडून 'दवाखान्यात, माझ्या टेबलापाशी' असं लिहिलं, तर ती म्हणाली, बाबा, यात महत्त्वाकांक्षा दिसत नाही. मी म्हटलं, तोपर्यंत टेबल खिडकीजवळ सरकवलेलं असेल. पुढच्या पानावर लिहिलं होतं की डोळे मिटा आणि तुमच्या आतल्या आवाजाशी बोला. मी इमानदारीत डोळे मिटले. आतला आवाज म्हणाला, आधी चहा घे. चहा घेईपर्यंत मधे रविवार आला, रविवारी कोण ध्येयं ठरवतं, आणि असं करत करत पहिला आठवडा केवळ मनाच्या तयारीत गेला. (ही तयारी वहीत 'टप्पा पहिला' म्हणून दिलेली आहे, उगाच भुवया चढवू नकोस.)

एकच काम ठरव असं तू म्हणाली होतीस, पण वहीत जागा तीन ध्येयांची होती आणि दोन जागा रिकाम्या ठेवणं मला बरं दिसेना. म्हणून पहिलं ध्येय लिहिलं: रोज पहाटे उठून फिरायला जाणे. वहीचं म्हणणं असं, की एकट्याने ठरवलेलं मोडतं, म्हणून एक साथीदार पकडा आणि त्याला उत्तर द्यायला बांधील राहा. मी आमच्या वरच्या मजल्यावरचे निवृत्त तिकीट-तपासनीस पकडले. आयुष्यभर त्यांनी लोकांना जाब विचारलेला, यांच्याइतकं बांधील राहण्यासारखं माणूस कुठे मिळणार? गृहस्थ वक्तशीर निघाले. रोज पहाटे दार वाजवायचे, मी डोळे चोळत बाहेर पडायचो, आणि दोघे झपाझप चालत कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जायचो. तिथे ते बसायचे. मग मीही बसायचो, कारण साथीदाराला सोडून पुढे जाणं हे वहीच्या तत्त्वात बसत नव्हतं. विनातिकीट प्रवाशांच्या हकीकती ते इतक्या रंगवून सांगतात की ऊन डोक्यावर यायचं आणि दोघे तितकेच झपाझप घरी परतायचो. 'आजची प्रगती' या रकान्यात मी रोज न चुकता लिहिलं आहे: बाकापर्यंत. वजन थोडं वाढलं. पण बाकावर बसणं मात्र मी एक दिवसही चुकवलं नाही, आणि सातत्याचे काही गुण असतील तर ते माझ्या नावावर धरावेत.

दुसरं ध्येय होतं नाही म्हणायला शिकणे. हे मी तुझ्यासाठीच निवडलं होतं, कारण 'तुला कोणीही कामाला लावतं' हे तू माझ्याबद्दल माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांना सांगितलं होतंस. तुला ठाऊकच आहे, दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागच्या खोलीत मी कवळ्या करतो (तू मैत्रिणींना 'भाऊ वैद्यकीय क्षेत्रात आहे' असं सांगतेस ते मला कळतं). माझ्या खोलीत फळीवर पेशंटांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे ओळीने मांडलेले असतात. दुपारी दवाखाना बंद असला की मी त्यांच्यासमोर उभा राहून सराव करायचो. नाही. नाही बाई. जमणार नाही. समोरचे सगळे दात काढून बसलेले, त्यामुळे सुरुवातीला धीर खचायचा, पण हळूहळू आवाजात वजन आलं. वहीत स्पष्ट लिहिलं होतं की नकार हसतमुखाने, ठामपणे आणि लगेच द्यावा. माझा घात त्या 'लगेच'ने केला. एक दिवस डॉक्टरीणबाई दारात येऊन म्हणाल्या, अहो, पुढच्या महिन्यात आठवडाभर... आणि मी हसतमुखाने, ठामपणे, लगेच म्हणालो, नाही. त्या थबकल्या. पुन्हा म्हणाल्या, नाही म्हणजे, तुम्हीच... मी म्हणालो, जमणार नाही बाई. त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मला वाटलं, जिंकलो. घरी येऊन वहीत मोठ्या अक्षरांत नोंदही केली.

दुसऱ्या दिवशी कळलं. दवाखान्याला रंग द्यायचा होता, म्हणून आठवडाभर सगळं बंद ठेवून त्या मला सुट्टी देणार होत्या. तीच सुट्टी, जी मी तुला आणायला जायचं म्हणून उन्हाळ्यापासून त्यांच्याकडे मागत होतो. आता त्यांनी रंगाचं काम पुढे ढकललं होतं आणि दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक पेशंटला सांगत होत्या की आमचा माणूस बघा, सुट्टी देऊ केली तर घेत नाही, अशी कामावर निष्ठा हल्ली कुठे बघायला मिळते? लोक तोंड उघडं ठेवून (दुसरा इलाज नसतो) माझ्याकडे कौतुकाने बघायचे. एका आजीबाईंनी तर नातवाला माझ्या पाया पडायला लावलं. अशा कौतुकातून बाहेर पडून 'मला ती सुट्टी हवी आहे' हे सांगायला जी हिंमत लागते तिच्याबद्दल वहीत एक अक्षर नाही. मी शेवटपर्यंत पाहिलं.

आता तिसरं. हातात घेतलेलं एक काम पुरं करणे, आणि ते काम म्हणजे मागची खोली रिकामी करणे. ती खोली तू पाहिलेली नाहीस, कारण तू आलीस की आम्ही तिला कुलूप लावतो. तिथे माझी सायकल होती, म्हणजे जागच्या जागी चालवायची, जिच्यावर टॉवेल वाळायचे. अर्धं रंगवलेलं कपाट होतं. एक बुलबुल होता, ज्याच्या दोन तारा तुटल्या तेव्हा माझी संगीतसाधनाही तुटली. परदेशी भाषा घरबसल्या शिकण्याची पुस्तकं होती, भाग पहिला, तीन वेगवेगळ्या भाषांचे. मी रोज संध्याकाळी त्या खोलीत जाऊन एकेक वस्तू हातात घ्यायचो आणि तिच्याबद्दल हळहळून परत ठेवायचो. तुझी भावजय दारातून म्हणायची, आवरणं चालू आहे की भेटीगाठी? मी उत्तर द्यायचो नाही. काही प्रसंगी माणसाला मोठेपणा दाखवावा लागतो.

आणि इथेच आमच्या घरात जे फक्त आमच्याच घरात होऊ शकतं ते झालं. आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर कायम एक पॅड आणि पेन्सिल असते. जे संपलं असेल, मोडलं असेल, आणायचं असेल ते ज्याला आठवेल त्याने तिथे खरडायचं, आणि जो बाहेर पडेल त्याने वाचायचं, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता आहे. पॅड संपलं आणि त्याच्या जागी माझी ध्येयवही उघडी पडलेली. झालं. 'माझं जीवनध्येय' या छापील मथळ्याखाली तुझ्या भावजयीने लिहिलं: भांडी घासायची पावडर, चहा, मागच्या खोलीतला बल्ब. 'मी कोणाचा कृतज्ञ आहे?' याखाली तुझ्या भाचीने लिहिलं की जो कोणी माझी छत्री आणून ठेवेल त्याची. वहीचा नियम असा की रोज सकाळी उभं राहून आपली ध्येयं मोठ्याने म्हणायची आणि शंका न घेता कामाला लागायचं. मी नियमाचा पक्का. टेबलापाशी सरळ उभा राहून छातीवर हात ठेवून म्हणायचो, मी भांडी घासायची पावडर मिळवणारच. मी छत्री शोधून काढणारच. मायलेकी स्वयंपाकघरात एकमेकींच्या अंगावर पडून हसायच्या. पण ताई, गंमत म्हणजे पावडर आली. छत्रीही मिळाली. आयुष्यात पहिल्यांदा माझं ध्येय त्याच दिवशी गाठलं जात होतं.

तुझ्या भावजयीच्या हे लक्षात आल्यावर मग तिने सोडलं नाही. वहीत लिहिलं की हा माणूस मुकाट्याने करतो, हे तिला आमच्या संसारात नव्यानेच कळलं होतं. रोज एक नवीन ध्येय. दाराची कडी. (लागली. हो, तीच.) बाथरूममध्ये भिंतीला धरायला दांडी. बाथरूमच्या तोंडाशी पाय अडकतो ती पट्टी काढणे. उठताना हाताला आधार मिळेल अशी उंच खुर्ची. सायकल वरच्या तिकीट-तपासनीसांना देणे. बुलबुल शाळेला देणे. खाट खिडकीशी, दिव्याचं बटण झोपल्या जागी हाताला येईल असं. मी काय, सकाळी म्हणायचो आणि संध्याकाळपर्यंत करून मोकळा व्हायचो. हे सगळं मिळून काय होतंय याचा मला बापड्याला पत्ता नाही. परवा, आवरताना बाहेर काढलेला माझ्या भाषांच्या पुस्तकांचा गठ्ठा मागच्या खोलीत परत ठेवायला गेलो तर ठेवायला जागाच नाही. स्वच्छ खोली, खाटेवर पलंगपोस, खिडकीत ऊन. मी पुस्तकं घेऊन तसाच दारात उभा.

तर हा माझा प्रामाणिक अहवाल. तू म्हणाली होतीस, ठरव, लिही आणि शेवटाला ने. पहिलं ध्येय बाकापाशी बसलं. दुसऱ्याने माझी सुट्टी घालवली. तिसरं पुरं झालं, पण ते ठरवलं माझ्या बायकोने, लिहिलं माझ्या बायकोने, आणि मी फक्त हमाली केली. तू कडक परीक्षक आहेस, दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेल्या उत्तराला तू कधी गुण दिले नाहीस. तेव्हा मी नापास. निकाल तू कळवण्याआधी मीच लावून टाकतो, तुझा टपालखर्च वाचेल. गुडघ्याला शेक देत जा. सर्वांचा नमस्कार.

तुझा,
धरसोड्या धाकटा

ता. क. – वर फिरायला जाण्याबद्दल जे लिहिलं आहे ते अजून चालू आहे असं समजू नये. तिकीट-तपासनीसांना माझी सायकल मिळाल्यापासून ते घरीच व्यायाम करतात आणि बाकावर मी एकटा पडलो आहे.

ता. क. दुसरा – मुद्द्याचं राहिलंच. नापास झालेल्या पोरांचं तू शाळेत काय करायचीस ते मला आठवतं. हुशार पोरांना शाळा सुटली की घरी सोडायचीस, आणि नापासांना आपल्या खोलीत शेजारी बसवून घ्यायचीस, गणित सुटेपर्यंत. त्यांच्या आया येऊन रडायच्या, तू हलायची नाहीस. मग माझ्याच वेळी नियम का बदलतेस? मी नापास आहे, त्या पोरांपेक्षा वयाने मोठा आहे, आणि माझ्या भरवशावर सोडलेलं घर कसं चालतं ते तू वर वाचलंसच. तुमच्याकडे माझी काय गरज म्हणतेस, तर ही एवढी गरज आहे. डॉक्टरीणबाईंसमोर शेवटी हिंमत केली, सुट्टी मिळाली आहे. तू फक्त हो म्हण. तुझ्याशिवाय मला करमत नाही, ताई. हे वहीत लिहायला कुठे रकानाच नव्हता.

ता. क. तिसरा – वन्सं, नमस्कार. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. (वाचणारच होते.) यातलं फिरणं आणि सुट्टी खरी आहे, हसून हसून माझं पोट दुखलं होतं. पण वहीत मी लिहिलं ते पावडर, चहा आणि बल्ब एवढंच. दाराची कडी, बाथरूममधली दांडी, ती पट्टी, खुर्ची, खाट, बटण, यातलं एक अक्षरही माझं नाही. ते सगळं त्यांनी स्वतः ठरवलं, स्वतः लिहिलं आणि स्वतः केलं. दांडी तर तीनदा काढून बसवली, कारण तुमची उंची माझ्या खांद्याएवढी म्हणून मला भिंतीपाशी उभं करून, गुडघे वाकवायला लावून मापं घेतली. बुलबुल देऊन आले त्या दिवशी जेवले नाहीत, पण देऊन आले. ते पान फाडून सोबत जोडते आहे. त्यांचं अक्षर तुम्हीच हात धरून गिरवून घेतलं होतं, तुम्हाला ओळखायला वेळ लागणार नाही.

हे तुमच्यापासून का लपवलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, सगळं जमतं असं कळलं तर ताई म्हणेल, मग माझी काय गरज, आणि नापास झालो असं कळलं तर कदाचित काळजीने येईल. पन्नाशी उलटली तरी हिशेब असा. मला ते पटलं नाही, म्हणून खरं काय ते लिहिलं. तुमची अट पुरी झाली आहे, वन्सं. आणि तुम्ही शब्द दिला होता. रविवारी आम्ही तिघे गाडी घेऊन येतो आहोत. सामानाला हात लावू नका, बांधाबांध मी करेन.